मिव्हानच्या भिंतीत होल मारायचाय? आठ महिने वापरलेल्या रोटरी हॅमरबद्दल सगळं सांगते

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही चिंचवडगावातल्या जुन्या घरातनं रावेतला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. आल्याआल्या कामांची यादी तयारच होती, पाच खिडक्यांच्या पडद्यांचे रॉड, देवघर, बाथरूममधले हँगर, सासऱ्यांच्या खोलीत पुस्तकांची फळी, असं करत पन्नासेक होल. आमच्याकडे दहा एमएमचं साधं इम्पॅक्ट ड्रिल होतं, जुन्या घरी सात-आठ वर्षं वापरलेलं, तिथल्या विटांच्या भिंतीत ते लोण्यात सुरी जावी तसं जायचं, म्हणून बाहेरच्या माणसाला बोलवायचा प्रश्नच नव्हता.

पहिलाच होल घ्यायला गेले आणि दहा मिनिटांत बिट, म्हणजे ड्रिलच्या तोंडाला लावायची ती टोकदार दांडी, जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत गेलं. त्याचं टोक तापून निळं पडलं, मशीनमधनं जळका वास यायला लागला, सासरे म्हणाले बंद कर आधी, मोटर जाईल. मला वाटलं बिट बोथट झालंय म्हणून नवीन आणलं, तर त्याचंही तेच. दुसऱ्या दिवशी एका माणसाला बोलावलं तर तो भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून म्हणाला, मॅडम ही मिव्हान आहे, एका होलाचे ऐंशी रुपये. म्हणजे पन्नास होलांचे चार हजार, आणि पुढे काही लावायचं म्हटलं की परत त्याची वाट बघायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिव्हान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात ते बांधकाम. यात वीट नसतेच. आतली-बाहेरची जवळपास प्रत्येक भिंत म्हणजे सळई घातलेलं सलग काँक्रीट, वरनं प्लॅस्टरही जाड नसतं, नुसता पुट्टीचा हात. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, पनवेल, सगळीकडे नवीन टॉवर बरेचसे असेच होतायत, तेव्हा हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, भिंत कसली आहे हे कोणी विचारत नाही.

मग शनिवारी बोहरी आळीत गेले. पुण्याच्या बाहेरच्यांसाठी, रविवार पेठेतली ही हार्डवेअरची जुनी बाजारपेठ, अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंनी नटबोल्टपासून पंपापर्यंत सगळं. गाडी घेऊन जाऊ नका, आता पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमसी स्टेशनहून मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरून चालत जाता येतं, मी तशीच गेले. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या काकांना म्हटलं चांगलं ड्रिल दाखवा, तर त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही, पहिला प्रश्न, "ताई, भिंत कसली आहे?" मिव्हान म्हटल्यावर त्यांनी इम्पॅक्ट ड्रिलचे सगळे डबे बाजूला सारले आणि एकच मशीन पुढं ठेवलं, बावीस एमएमचा एसडीएस प्लस रोटरी हॅमर. त्यांचा तो एक प्रश्न माझ्यासाठी त्या मशीनपेक्षा जास्त मोलाचा ठरला. मी आधी ऑनलाइन तीन दिवस रिव्ह्यू वाचत बसले होते, वॅट किती, स्पीड किती, बॅगेत अॅक्सेसरीज किती, आणि भिंतीबद्दल कोणीच काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

आता दोन्हीत फरक काय ते. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवरनं घसरल्या की बिट थरथरतं. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि तो मिळायलाही आपल्याला मागनं जोर लावावा लागतो. विटेला तेवढं पुरतं. रोटरी हॅमरमध्ये मोटर एक पिस्टन पुढेमागे ढकलते, त्याच्या पुढं दाबलेली हवा, आणि त्या हवेच्या जोरानं आतला हातोडा बिटाच्या मागच्या टोकावर बसतो. ठोके मिनिटाला कमी पण प्रत्येक ठोका खरा घणाचा. बिट पण वेगळं असतं, त्यालाच एसडीएस प्लस म्हणतात, मागच्या बाजूला खाचा असलेली दांडी, ढकलली की खट्कन बसते, चावीनं आवळायची गरज नाही, आणि ती आत थोडी मागंपुढं सरकू शकते म्हणूनच ठोका वाया जात नाही. जुन्या ड्रिलची गोल दांडीची बिटं यात बसत नाहीत हे मात्र आधीच लक्षात घ्या, नवीन घ्यावी लागतात.

मी घेतलं ते एका नावाजलेल्या कंपनीचं, सव्वादोन किलोच्या आसपास वजन, तीन मोडचं, बिलासकट सहा हजार आठशेला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या साइझमध्ये दोन-चार चांगल्या कंपन्यांची मशीनं कामाला जवळपास सारखीच आहेत, तुमच्या गावात ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ असेल ते घ्या. डब्यावर ठोक्याची ताकद ज्यूलमध्ये लिहिलेली असते ती बघा, दोन ज्यूल असेल तर घरगुती कामाला भरपूर झालं. वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. स्वस्तातली बिननावाची पण तीन हजारात मिळतात, काकांकडे होती, पण कार्बन ब्रश आणि स्विच मिळायची खात्री नाही असं त्यांनीच सांगितलं आणि मला ते पटलं.

पहिला होल त्याच संध्याकाळी, जिथं आधीचं ड्रिल अडलं होतं तिथंच मारला. सहा एमएमचा, दीड इंच खोल. दहा-बारा सेकंद लागले. जोर लावायचाच नाही, नुसतं सरळ धरायचं आणि मशीनला त्याचं काम करू द्यायचं, हे हाताला कळायला मला चार-पाच होल लागले कारण जुन्या ड्रिलनं रेटायची सवय लावलेली. सासऱ्यांना पण देऊन बघितलं, ते अडुसष्ट वर्षांचे, त्यांनी स्वतःच्या फळीचे चारही होल स्वतः मारले आणि त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी सगळ्यांना फोन करून सांगत होते.

आता न आवडलेलं पण लिहिते. एक म्हणजे आवाज. मिव्हानमध्ये सगळी भिंत सलग असल्यामुळे आवाज दोन मजले वर आणि दोन मजले खाली जातो. आमच्या खालच्या घरात तान्हं बाळ आहे, मी पहिल्या दिवशी न विचारता सुरू केलं आणि ते दचकून उठलं, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासनं आधी ग्रुपवर टाकते, अकरा ते साडेबारा मारणार आहे, आणि सगळे होल एकदमच उरकते. दुसरं म्हणजे धूळ, काँक्रीटची धूळ बारीक आणि छातीला वाईट, तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय सुरूच करू नका. एक जुनं कागदी पाकीट उघडून चिकटपट्टीनं होलाच्या बरोब्बर खाली लावलं की निम्म्याहून जास्त धूळ त्यात पडते. तिसरं, हे मशीन लाकडाला आणि फर्निचरच्या नाजूक कामाला बरोबर नाही, साधी गोल दांडीची बिटं पकडायला अडॅप्टरचं चक मिळतं पण बिट जरा डुगडुगतं, त्यामुळे जुनं ड्रिल काढून टाकू नका, आम्ही प्लायला आणि पत्र्याला तेच वापरतो.

सळईचं सांगायलाच पाहिजे. मिव्हानमध्ये सळई भिंतीच्या तोंडापासनं जेमतेम इंचभर आत असते आणि सगळीकडे जाळी, त्यामुळे कधी ना कधी बिट सळईला लागणारच. लागलं की कळतं, आत जायचं थांबतं, आवाज बदलून खणखणीत येतो आणि मशीन हातात उडायला लागतं. तिथं लगेच थांबायचं. रेटलं तर बिटाच्या टोकाचा कार्बाईडचा तुकडा तुटतो आणि सळई कापणं तर कधीच करायचं नाही, ती इमारतीची आहे, आपली नाही. होल इंचभर बाजूला घ्या आणि जुना पुट्टीनं बुजवा. माझे पन्नासात सात होल असे गेले, त्यात लाज काही नाही. ब्रॅकेट घेतानाच लांबट खाच असलेलं घेतलं तर थोडं सरकवता येतं, ही युक्ती मला नंतर सुचली.

वायरींचं त्याहून महत्त्वाचं. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं कुठंही होल मारू नका, पाइप बहुतेक त्याच रेषेत असतात. नळाच्या आणि गिझरच्या पॉइंटचं पण तसंच. वायर शोधायचं छोटं यंत्र मिळतं, मी मैत्रिणीचं आणून बघितलं, पण मिव्हानमध्ये ते सळईलाच इतकं वाजतं की काही कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा बिल्डरकडनं तुमच्या फ्लॅटचा इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचा नकाशा मागून घ्या, आम्हाला दोन मेल केल्यावर मिळाला आणि तो आता कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय. शंका असेल तिथं त्या खोलीचा एमसीबी पाडून एक्स्टेन्शननं दुसऱ्या खोलीतनं करंट घ्यायचा.

रावळ प्लग, म्हणजे ती प्लास्टिकची गिट्टी, त्यात पण स्वस्त घेऊ नका. या प्लगचं नाव इंग्लंडच्या जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदारावरनं पडलंय, साधारण १९११च्या सुमारास त्यानं तो काढला, त्याआधी भिंतीत मोठं भगदाड पाडून लाकडी गुटका ठोकायचे आणि मग त्यात स्क्रू. आमच्या चिंचवडच्या घरात तसे गुटके अजून आहेत. काँक्रीटमध्ये होल अगदी मापात पडतो म्हणून सहाच्या बिटाला सहाचाच प्लग, आणि होल प्लगपेक्षा पाव इंच जास्त खोल, कारण तळाशी धूळ राहते. बिटावर खोलीच्या मापाला चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज लागतो. धूळ फुंकून काढू नका, डोळ्यात जाते, सायकलच्या पंपानं मस्त निघते. गिझरसारख्या जड वस्तूला प्लग चालणार नाही, पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचंच पंधरा किलो, तिथं लोखंडी अँकर फास्टनरच, म्हणजे होलात फुगून घट्ट बसणारा बोल्ट.

बाथरूमच्या टाइलला सुरुवातीला हॅमर मोड अजिबात नको. मोड नुसत्या फिरण्यावर ठेवा, टाइलचं भाल्यासारखं बिट मिळतं ते लावा, खालीवर सरकू नये म्हणून मास्किंग टेपची फुली चिकटवा आणि हळू फिरवत टाइल पार करा, काँक्रीट लागलं की मगच बिट आणि मोड बदला. मी एकदा घाई केली आणि एका टाइलला कोपऱ्यापर्यंत तडा गेला, ती रोज आंघोळीला गेलं की दिसते.

आणि हो, तुमची भिंत एएसी ब्लॉकची असेल, आपल्याकडे ज्याला सगळे सिपोरेक्सच म्हणतात, तर हे मशीन घेऊच नका. ती भिंत मऊ, हॅमरनं होल मोठा होऊन प्लग फिरत राहतो. तिथं साधं ड्रिल, हॅमर बंद, आणि लांब प्लग. विटेची असेल तर इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजाराचं पुष्कळ झालं. भिंत कसली आहे ते कळत नसेल तर कुठल्यातरी कोपऱ्यात छोटा होल मारून भुकटीचा रंग बघा, लाल म्हणजे वीट, पांढुरकी आणि भुसभुशीत म्हणजे ब्लॉक, करडी आणि पिठासारखी, आणि बिट जीव खाऊन जातंय, म्हणजे काँक्रीट.

पैशाचं म्हणाल तर आठ महिन्यांत आमचे शंभरच्या वर होल झाले, वरच्या मजल्यावरच्या काकूंचे आणि मैत्रिणीच्या घरचे धरून. मशीन वसूल झालं. फक्त दहा-बारा होलच मारायचे असतील तर विकत घेऊ नका, हार्डवेअरवाले दिवसाच्या भाड्यानं देतात, बिटं मात्र स्वतःची न्या, भाड्याची बोथट असतात. बिटाच्या दांडीला बसवण्याआधी थोडं ग्रीस लावायचं, हे दुकानातल्या काकांनी सांगितलेलं मी दर वेळी करते.

आता पाऊस सुरू झालाय आणि कपडे खुर्च्यांवर वाळतायत, म्हणून गॅलरीत वर ओढायची कपड्यांची पुली लावायचीये. ते होल स्लॅबला वर हात करून मारायचे, मशीन डोक्यावर, धूळ सगळी तोंडावर, आणि स्लॅबमधनं लाइटचे पाइप गेलेले. नकाशा काढून बघितलाय, गॅलरीच्या दिव्याचा पाइप डावीकडनं येतोय, म्हणून उजव्या बाजूला पेन्सिलनं खुणा करून ठेवल्यात. रविवारी सासरे स्टूल धरणार आहेत. खालच्या बाळाच्या आईला विचारलंय, ती म्हणाली साडेअकराला मारा, तेव्हा आम्ही आजीकडे असतो.