नऊ महिने वापरल्यावर सांगते, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ इम्पोर्ट होत नाही (म्हणजे आत घेतला जात नाही) तेव्हा काय बघायचं

गेल्या गणेशचवथीच्या आधी घरच्या लॅपटॉपसाठी हे एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं. आमचं मूळ घर गोव्यात फोंड्याजवळ, चवथीला सगळे भाऊबंद तिथे जमतात आणि दुबईच्या भावाला येता येत नाही म्हणून आरत्या, फुगड्या, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची सजावट) सगळं नीट कापून-जोडून त्याला पाठवायचं, एवढ्यासाठीच घेतलं. कट करणं, नावं टाकणं, आवाज कमी-जास्त करणं, ह्यात खरंच चांगलं आहे, आठवड्यात हात बसला. त्रास दिला तो इम्पोर्टने.

पुतण्याने आयफोनवर काढलेली माटोळीची क्लिप टाकली तर आवाज येतोय आणि चित्र काळं. तीच फाइल व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये मस्त चालते! दोन दिवस मी सॉफ्टवेअर काढून परत टाकत बसले, कस्टमर केअरने तीनदा ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं, काही फरक नाही. मग मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तेव्हा कळलं की एमओव्ही किंवा एमपी4 हा नुसता डबा असतो, आत काय भरलंय ते वेगळंच. 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन 7 आणि पुढचे फोन आपोआप एच.265 म्हणजे एचईव्हीसी ह्या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत रेकॉर्ड करतात आणि माझ्याकडच्या व्हर्जनला फक्त आधीची एच.264 कळते. व्हीएलसी असे व्हिडिओ उलगडणारे स्वतःचे डिकोडर घेऊन येतो म्हणून तिथे अडत नाही. आता पुतण्याच्या फोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवलंय, म्हणजे एच.264 मध्येच रेकॉर्ड होतं.

दुसरी गोष्ट जास्त जिवाला लागली. माझ्या अँड्रॉइडवर काढलेली आरती बिनबोभाट इम्पोर्ट झाली, सुरुवात छान, पण 'घालीन लोटांगण'पर्यंत येईतो घुमटावर (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) हात पडलेला दिसतो आणि थाप नंतर ऐकू येते. वहिनी शेजारी बसून बघत होती, म्हणाली, "गो, आवाज फाटल्यान येता." म्हणजे मागाहून येतो. ऑडिओ ओढून जुळवला तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. कारण असं की देवाच्या खोलीत उजेड कमी, फोन अशा वेळी सेकंदाला कधी 30 फ्रेम (चित्रं) घेतो कधी त्याहून कमी, ह्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, आणि सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे सारखंच अंतर धरून चालतं त्यामुळे फरक साठत जातो. मीडियाइन्फोत 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' दिसलं की मी आता ती फाइल थेट टाकतच नाही.

उपाय हँडब्रेक, फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम, तोही फुकट. व्हिडिओच्या टॅबमध्ये एच.264 निवडायचं, फ्रेमरेट 30 आणि त्याच्याखाली 'कॉन्स्टंट', क्वालिटीचा आरएफ आकडा मी 20 ठेवते (आकडा कमी तेवढी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी). वेळ लागतो, माझ्या लॅपटॉपवर अर्ध्या तासाच्या आरतीला पाऊण तास लागला, पण नंतर थाप आणि हात बरोब्बर एकत्र आले. मूळ फाइल पुसायची नाही हां, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची.

काकांच्या जुन्या हँडिकॅममधलं जत्रेतलं नाटक एमटीएस ह्या कॅमेऱ्याच्या फाइलींत होतं, तुकडे तुकडे, कारण एफएटी32 ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊच शकत नाही. मी फक्त फाइली उचलल्या आणि प्रत्येक जोडाला संवादातला एखादा शब्द गेला. कार्डाचा सगळाच्या सगळा फोल्डर कॉपी करून मग इम्पोर्ट केल्यावर सलग आलं.

बाकी बारीकसारीक: केबलने जोडलेल्या फोनमधून थेट इम्पोर्ट करू नका, आधी डिस्कवर घ्या. फाइलचं नाव मराठीत असलं तर माझ्याकडे एरर यायची, इंग्रजी अक्षरांत केलं की चालायचं. आणि व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांकडून क्लिप मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून बारीक केलेली येते आणि माटोळीतली फळंसुद्धा ओळखू येत नाहीत.

सॉफ्टवेअरला पाचपैकी साडेतीन. इम्पोर्ट करतानाच 'आत एच.265 आहे' एवढं जरी स्क्रीनवर लिहिलं असतं तर अजून अर्धा दिला असता.