आईचं घर रिकामं केलं, जुनं सामान विकायच्या अ‍ॅपचा अनुभव (इंदूर)

आईला आम्ही फेब्रुवारीत आमच्याकडे विजयनगरला आणलं, गुडघ्यांमुळे तिला तिसरा मजला जमेनासा झाला होता आणि तिच्या लोकमान्य नगरच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मग प्रश्न आला सामानाचा. चाळीस वर्षांचा संसार. भाऊ म्हणाला कबाडीवाल्याला बोलाव आणि मोकळी हो, पण कबाडीवाल्याने गोदरेजच्या कपाटाला लोखंडाचा भाव लावला, किलोवर, आणि ते ऐकून आईचा चेहरा असा झाला की मी म्हटलं नाही, आपण नीट विकू. माझ्या मुलीने जुन्या वस्तूंचं अ‍ॅप टाकून दिलं, नाव घेत नाही, बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असेलच. मार्च ते मे असे तीन महिने वापरलं, त्याबद्दल लिहितेय.

आधी चांगलं. कपाट 5,200 ला गेलं, कबाडीवाला 1,800 म्हणत होता. लोखंडी कूलर टाकला त्याच दिवशी संध्याकाळी गेला, कारण एप्रिलची सुरुवात होती आणि इंदूरच्या उन्हात कूलरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. हाच कूलर जुलैत विकायला काढला असता तर कोणी विचारलंही नसतं. म्हणून ज्यांना विकायचंय त्यांनी सीझन बघा, कूलर होळीनंतर, गिझर आणि रजया दिवाळीच्या आसपास.

पण पहिले पंधरा दिवस माझे वायाच गेले. फोटो ट्यूबलाइटमध्ये काढले होते, सगळं पिवळं, आणि लिहिलं फक्त "कपाट विकणे आहे, चांगली कंडिशन". रोज वीस-पंचवीस मेसेज, सगळ्यांचे तेच दोन प्रश्न, है क्या, आणि आंटी लास्ट कित्ते में दोगे. येतो म्हणून येणारे दहात एक. मग मुलीने सकाळच्या उजेडात खिडकीजवळ पुन्हा फोटो काढले, दाराला आतून गंज होता त्याचा वेगळा जवळून फोटो टाकला, उंची-रुंदी फुटात लिहिली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हमाल आणि लोडिंग रिक्षा घेणाऱ्याची, हे पहिल्याच ओळीत हिंदीत टाकलं. मेसेज एकदम कमी झाले पण जे आले ते खरंच घ्यायला आले. दोष लपवला की माणूस दारात येऊन तोच दोष धरून हजार रुपये पाडतो, आधी सांगितलं की बोलायला जागाच उरत नाही.

आता वाईट, आणि हे नीट वाचा प्लीज. फ्रीजची जाहिरात टाकून अर्धा तास झाला नाही तर एकाचा फोन, महूला पोस्टिंग आहे, फौजी आहे, फोटो बघूनच घेतो म्हणाला. भाव केला नाही, एक रुपयासुद्धा कमी करा म्हणाला नाही, ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो पाठवला. महू इथून जवळ, छावणीतले लोक आपण रोज बघतो, त्यामुळे संशय आलाच नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला की हा स्कॅन करा, पिन टाका, तुमच्या खात्यात 7,000 जमा होतील. मी स्कॅन करणारच होते, मुलगी शेजारी होती, ओरडली, आई थांब! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले. इतकी साधी गोष्ट आणि त्या घाईत मला सुचली नाही, तो माणूस सारखा गाडी निघालीय निघालीय करत होता. कोणाचे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. अ‍ॅपवर मी त्याची तक्रार केली, अकाउंट गेलं, आणि आठवड्याने तेच ओळखपत्र दुसऱ्या नंबरवरून मला परत आलं. हे काम अ‍ॅपवाल्यांचं आहे आणि ते नीट होत नाही, मला याचा खरंच राग आहे, कारण माझ्या आईच्या वयाच्या बाईला कोण सावध करणार. माझे दोन स्टार इथेच कापले.

त्यानंतर मी नियम केला, घरी येऊन बघेल त्यालाच वस्तू, पैसे समोर, बँकेचा मेसेज आल्याशिवाय सामान दाराबाहेर नाही. बघायला येणाऱ्याला एकटीने घरात घ्यायचं नाही, मिस्टर किंवा शेजारच्या काकू सोबत. जुना मोबाईल विकताना आधी गूगल अकाउंट काढून मग रीसेट. स्कूटर मात्र अ‍ॅपवर टाकली नाही, ओळखीत दिली, आणि तरी फॉर्म 29 आणि 30 करून आरसी बदलेपर्यंत पाठपुरावा केला, कारण नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईसाठी कागदावरच्या मालकालाच धरतात.

काही वस्तूंचं मात्र अ‍ॅपवर काही होत नाही. मुलीची कोचिंगची पुस्तकं खजुरी बाजारात नेली, तिथे एका तासात काम झालं. आईची मराठी पुस्तकं कोणी घेईना, ती वाचनालयाला दिली. पितळी पातेली बर्तन बाजारात मोडीत दिली, बंब मात्र आईने देऊ दिला नाही, तो आता आमच्या बाल्कनीत आहे.

आणि शिलाई मशीन. पायाचं, आईच्या लग्नातलं. 3,500 लिहिले होते. सुदामा नगरहून एक बाई आल्या, आमच्यातल्याच निघाल्या, ब्लाउजचं काम सुरू करायचंय म्हणाल्या. आईला मी त्या दिवशी मुद्दाम तिकडे नेलं होतं, गाडीने आणि मग खुर्चीत बसवून वर. आईने त्यांना पट्टा कसा चढवायचा, तेल कुठे घालायचं, बॉबीन अडली तर काय करायचं हे अर्धा तास दाखवलं, आणि मग स्वतःच म्हणाली, अडीच हजार दे गं, आणि हे तेल पण ने. मी गप्प बसले. कबाडीवाला आला असता तर हे झालंच नसतं, आणि या बाईंपर्यंत मी पोचले ती याच अ‍ॅपमुळे, म्हणून उरलेले तीन स्टार मनापासून देतेय.

डायनिंग टेबल अजून आहे, सागवानी, सहा खुर्च्यांपैकी एकीचा पाय हलतो, 6,000. लोकमान्य नगर, तिसरा मजला, रविवारी सकाळी या, टेबलाचे पाय निघतात पण पाना तुमचा आणा.