मित्राची गाडी

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली मालवणपर्यंत, आणि जमलंच तर रेडीवरून तेरेखोलची फेरीबोट धरून पलीकडे केरीचा किनारा. सात दिवस. ही सहल मी कागदावर इतक्या वेळा केली होती की प्रत्यक्ष निघालो तेव्हा अर्धे रस्ते ओळखीचे वाटत होते.

नियोजनाचा मला नाद आहे. किनाऱ्याने कोकण करायचं तर खरा हिशोब फेऱ्यांचा. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं बोलणं अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून चालू आहे, पण मोठ्या खाड्या ओलांडायला अजून फेरीबोटच. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळची शेवटची फेरी हुकली की चिपळूणचा वळसा आणि दिवस बुडाला. म्हणून प्रत्येक धक्क्यावर किती वाजता पोचायचं हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची, एरवी ती नुसती खडकातली फट. पंचांगातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा. आम्ही तिथे त्रयोदशीला असणार, म्हणजे पावणेदहा. तेही वहीत होतं.

गाडीसाठी वहीत एकच ओळ होती : ‘बुलेट भाड्याने – बोलणं झालं.’

माझ्याकडे स्कूटर आहे. सोबत येणाऱ्या मावसभावाकडे त्याची स्वतःची पल्सर. बुलेटचा हट्ट माझाच. ऑनलाइन जाहिरात सापडली, फोटोत गाडी चकचकीत, भाडं रोज १,१०० रुपये. इतर ठिकाणी दीड हजारांच्या पुढे होतं. डिपॉझिट १०,००० आणि मूळ आधार कार्ड. सात दिवसांचे ७,७०० आणि डिपॉझिट, सगळं मी आदल्या रात्रीच यूपीआयने पाठवलं. ज्या नावावर पैसे गेले ते नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर गाडीवाला म्हणाला, “भावाचं खातं आहे, साहेब.”

गाडी घ्यायची वेळ त्याने दिली पहाटे साडेपाच. मलाही ते सोयीचं होतं. डिसेंबरातली पहाट म्हणजे काळोखच. कोथरूडच्या एका गल्लीत, बंद शटरपुढे, एका मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली गाडी उभी. नुकतीच धुतलेली, अजून थेंब गळत होते. आता मला माहीत आहे की ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

त्याने स्वतःहूनच सांगितलं, “साहेब, व्हिडिओ काढून ठेवू, नंतर वाद नको.” आणि स्वतःच्या फोनवर गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढला. अंधारात. मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो, जणू माझ्याच हिताचं काहीतरी चाललंय.

मावसभावाने क्लचचा लिव्हर दाबून पाहिला. “दादा, क्लच फार ढिला वाटतोय रे.”

“ढिला नाही हो, मऊ केलाय. ट्रॅफिकमध्ये हात दुखत नाही.”

मी घड्याळ पाहिलं. “चल रे,” मी भावाला म्हणालो, “उन्हाच्या आत ताम्हिणी उतरायचीय.”

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, पेट्रोल भरून आणा म्हणावं तशी. “कुणी विचारलंच तर मित्राची गाडी म्हणायचं.”

मी मागे जाऊन नंबरप्लेट बघायला हवी होती. पाटी पांढरी, अक्षरं काळी, म्हणजे साधी खासगी गाडी. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. गोव्यात गेलेल्या प्रत्येकाने अशा शेकडो पाहिल्या असतील. दुचाकी भाड्याने द्यायची तर १९९७ च्या केंद्राच्या योजनेखाली परवाना लागतो, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. ताम्हिणीत काही बरंवाईट झालं असतं तर विमा कंपनीने सरळ हात वर केले असते आणि ‘मित्र’ फोन बंद करून बसला असता. पण हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी मला ते वाक्य उलट आवडलं होतं. मित्राची गाडी घेऊन कोकणात, असं.

पहिले तीन दिवस काय सांगू! दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या, श्रीवर्धनला जाताना आरावी-शेखाडीचा तो रस्ता, जिथे डांबर आणि लाट यांच्यात जेमतेम एक कठडा. वेश्वीच्या धक्क्यावर फेरीतून उतरताना गाडी एकदा गुरगुरली आणि जागची हलली नाही, मग हलली. मला वाटलं, चाकाखाली शेवाळ असेल. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव पाहिला, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. तो चढ चढताना इंजिन ओरडत होतं आणि गाडी चालत होती बैलगाडीसारखी. भाऊ मागून पुढे निघून गेला. वर पोचल्यावर म्हणाला, “जळका वास येतोय.” मी म्हणालो, कुणीतरी पालापाचोळा जाळत असेल. माणूस पैसे भरून बसला की त्याचं नाकही त्याच्या विरोधात जात नाही.

चौथ्या दिवशी गुहागरहून निघून पावणेदहाला हेदवीला पोचलो आणि बामणघळीतून पाणी दोन पुरुष उंच उडताना पाहिलं. तिथी एकदम बरोबर. तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आणि मग आरे-वारे. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, डोंगराच्या कडेने चढताना खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात. मी वरच्या वळणावर गाडी लावून फोटो काढला. मालकाने निघतानाच सांगितलं होतं, “साहेब, चांगल्या ठिकाणचे फोटो पाठवा, आपल्याला आवडतात.” पाठवला. लगेच त्याचा अंगठा आला.

गाडी सुरू केली, पहिला टाकला, क्लच सोडला. इंजिन भुंकतंय, गाडी जागेवर. दुसऱ्यांदा तेच. मग उतारावर गाडी सोडून, कुठे ढकलत, कुठे भावाच्या पल्सरला दोर लावून आम्ही रत्नागिरीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

सकाळी ज्या मेकॅनिककडे गेलो तो साठीचा असेल. गाडीकडे नाही, आधी पाटीकडे पाहिलं त्याने. “भाड्याची ना?”

“मित्राची,” मी म्हणालो. सवय लागली होती.

“मग मित्र बरा नाय तुमचा,” म्हणाला आणि कव्हर उघडायला बसला. आतून प्लेटा एकेक करून काढून वर्तमानपत्रावर मांडल्या, पापड वाळत घालावेत तशा. ज्या प्लेटांवर घर्षणाचा थर असायला हवा त्या गुळगुळीत, आणि मधल्या स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या. एक उचलून माझ्या नखावर घासली. “हा निळा रंग बघताय? तापून तापून येतो तो. चार दिवसांत नाय हो एवढी जळत. ही आधीच संपली होती. केबल ढिली करून ठेवली म्हणून तुमच्या मित्राच्या गल्लीत चालली, एवढंच.”

मग त्याने जे शिकवलं ते मी पैसे देऊन शिकलो, तुम्ही फुकट घ्या. गाडी घेताना सपाट रस्त्यावर हळू वेगात वरचा गिअर टाकायचा आणि एकदम ॲक्सिलरेटर पिळायचा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. अर्ध्या मिनिटाचं काम. गल्लीत नाही जमलं तर जवळच्या एखाद्या चढावर न्यायची. आणि जो मालक चक्कर मारू देत नाही, त्याची गाडी तिथेच सोडून स्कूटरवर निघायचं. कोकणातले रस्ते स्कूटरवरही तेवढेच सुंदर दिसतात, हे माझं स्वतःचं मत.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, “करून घ्या साहेब, बिल आणा, बघू आपण.” हे ‘बघू’ मी लिहून घ्यायला हवं होतं. निदान व्हॉट्सॲपवर ‘प्लेट बदलायला तुमची परवानगी आहे ना’ एवढं विचारून उत्तर मिळवायला हवं होतं. फोनवरचं बोलणं हवेत गेलं. सुटे भाग, ऑइल, मजुरी मिळून ३,४०० रुपये झाले. मेकॅनिकने जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात बांधून दिल्या. “पुरावा,” म्हणाला.

अर्धा दिवस गेला. पावस, पूर्णगड, जैतापूर करत अंधारात देवगड, दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर आणि मालवण. रेडी, तेरेखोल, केरी वहीतच राहिलं.

परतताना सावंतवाडीवरून आंबोली चढलो. नवी क्लच काय चढली म्हणून सांगू. वर नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधतात, आम्हालाही थांबवलं. माझ्या बॅगेत कोकम आणि काजू निघाले. हवालदाराने आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली, बघितली.

“गाडी कुणाची?”

“मित्राची.”

“मित्राचं नाव काय?”

मी यूपीआयवरचं नाव सांगितलं. त्याने आरसी पुन्हा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. “तुमचा मित्र बाई आहे का?”

आरसी कुणा तिसऱ्याच बाईंच्या नावावर होती. ज्या माणसाला मी १७,७०० रुपये आणि आधार कार्ड दिलं, त्याचा त्या गाडीशी कागदोपत्री काही संबंधच नव्हता. हवालदार भला होता, लायसन्स डिजिलॉकरमध्ये बघून सोडून दिलं. पण तिथून पुण्यापर्यंत माझी पाठ ताठ होती. रस्त्यात हीच गाडी चोरीची म्हणून कुणी सांगितली असती तर माझ्याकडे दाखवायला काय होतं?

गाडी परत दिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, लख्ख उन्हात. वेळ त्यानेच दिली होती. आता त्याच्या हातात बॅटरी होती. भर उन्हात बॅटरी! गुडघ्यावर बसून सायलेन्सरच्या खालच्या बाजूला प्रकाश टाकला, अंगठ्याला थुंकी लावून एका जागी घासली आणि म्हणाला, “हा बघा.” बोटभर ओरखडा होता. जुना होता, कडेला गंज धरलेला दिसत होता. मी म्हणालो, हा आधीचाच आहे. त्याने शांतपणे पहाटेचा व्हिडिओ लावला. काळोख, थेंब, चकाकणारा सायलेन्सर. ओरखडा दिसत नव्हता. अर्थातच.

मग एका कागदावर हिशोब मांडला. सायलेन्सरचा ओरखडा २,२००. परवानगीशिवाय बाहेर गाडी उघडली म्हणून पूर्ण क्लच असेंब्ली ६,५००. धुलाई ५००. आणि रोजच्या १३० किलोमीटरची मर्यादा होती म्हणे, सात दिवसांचे ९१०. माझे झाले १,०२२. वरचे ११२, दर आठ रुपये, ८९६. ही मर्यादा मी प्रथमच ऐकत होतो.

मी वर्तमानपत्र सोडून प्लेटा समोर ठेवल्या. त्याने त्यांना हातही लावला नाही. “ह्या माझ्याच गाडीच्या कशावरून?”

एकूण १०,०९६. “डिपॉझिटात बसतंय,” तो म्हणाला. “वरचे ९६ राहू द्या. तुम्ही आपले मित्र.”

मी भांडलो, आवाज चढवला, पोलिसांत जातो म्हणालो. त्याने ड्रॉवर उघडून माझं आधार कार्ड टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हिशोब मान्य असेल तर सही करा आणि घेऊन जा.” त्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे बघून माझं धैर्य गेलं. सही केली. घरी जाताना सिग्नलला उभा असताना लक्षात आलं, ई-आधार माझ्या फोनमध्येच आहे, तेवढंच वैध, आणि कार्ड पुन्हा मागवता येतं. ज्याच्यासाठी मी दहा हजार सोडले त्याची छापील प्रत हवी तितक्या वेळा निघते. आता कुणी मूळ आधार ठेवायला मागितलं तर मी नाही म्हणतो; फार तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी आदराने विचारलं, दुकानाचं नाव, बिल, करारनामा? माझ्याकडे जाहिरातीत एक नाव, पैसे गेले त्या खात्याला दुसरं, आरसीवर तिसरं, आणि माझ्याच सहीचा एक कागद, तोही त्याच्या ड्रॉवरमध्ये. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, हे खरं. पण तक्रार कुणाविरुद्ध, या ओळीपाशी माझा अर्ज अजून अडलाय. म्हणून गाडी बघण्याआधी आरसीवरचं नाव आणि पैसे मागणाऱ्याचं नाव एकत्र बघा, पाटीचा रंग बघा, आणि व्हिडिओ तुमच्या फोनवर, उजेडात, ओडोमीटरच्या आकड्यासकट काढा. पहाटेची वेळ देत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी घ्या. एका दिवसाचं भाडं जास्त जाईल. जाऊ द्या.

परवा भावाने एक लिंक पाठवली. तीच जाहिरात, भाडं आता १,२००. जुना चकचकीत फोटो काढून त्या जागी नवा टाकलाय : डोंगरकडेचं वळण, खाली आरे-वारेचे दोन्ही किनारे, आणि मधे उभी बुलेट. माझाच फोटो. डाव्या कोपऱ्यात भावाच्या हेल्मेटचा तुकडाही आलाय. खाली लिहिलंय, ‘कोकण ट्रिपसाठी बेस्ट. क्लच प्लेट नुकतीच बदललेली.’