स्केटबोर्डसाठी सहा नगांचा पॅड सेट: काय ठेवावं, काय बदलावं

कोल्हापुरात खेळाच्या सामानाच्या दुकानात स्केटबोर्डसाठी पॅड मागितले की बहुतेक वेळा जाळीच्या पिशवीतला एकच सेट काउंटरवर येतो. गुडघ्याचे दोन, कोपराचे दोन, मनगटाचे दोन. किंमत साधारण पाचशे ते नऊशे रुपये. हेल्मेट पाहिजे असेल तर त्याच रंगाचं वेगळं मिळतं. ऑनलाइन बघितलं तरी हाच माल पाच-सहा नावांनी फिरताना दिसतो, फक्त स्टिकर बदलतो.

हा सेट मुळात रिंकवर रोलर स्केटिंग शिकणाऱ्या लहान पोरांसाठी आहे. गुळगुळीत फरशी, बेताचा वेग, पडलं तर पुढे गुडघ्यावर, असा सगळा हिशेब धरून तो बनवलेला असतो आणि त्या कामाला चालूनही जातो. स्केटबोर्डवर त्याचा निकाल असा: कोपराचे पॅड ठेवा, गुडघ्याचे थोडी दुरुस्ती करून वापरा, मनगटाचे तपासा आणि बहुधा बदला. हेल्मेट मात्र या सेटच्या जोडीला म्हणून घेऊच नका.

कारण स्केटबोर्डवरचं पडणं वेगळं असतं. पाय बोर्डला बांधलेले नसतात. बोर्ड पुढे निसटला की माणूस मागे पडतो, आधी ढुंगण आणि मागे टेकलेला तळहात, मग कोपर, आणि शेवटी डोक्याची मागची बाजू. दुसरा प्रकार खड्याचा. साध्या बोर्डाची चाकं ५२ ते ५४ मिलिमीटरची आणि कडक असतात. पावसाळ्यानंतर डांबरातली खडी उघडी पडलेली असते, वाळूचे दाणे पसरलेले असतात. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला की बोर्ड जागीच थांबतो आणि वरचा माणूस त्याच वेगानं पुढे जातो. दोन्ही प्रकारांत सुरुवातीलाच जमिनीला लागतो तो हात. म्हणून पैसे घालायचा क्रम हेल्मेट, मनगट, गुडघा, कोपर असा हवा. दुकानातला सेट गुडघ्यावर सगळ्यात जास्त प्लास्टिक खर्च करतो आणि मनगटावर सगळ्यात कमी.

आधी हेल्मेट. स्वस्त हेल्मेट हातात घेऊन आतला मऊ स्पंज बाजूला करून बघा. त्याखाली थर्माकोलसारखा घट्ट, अंगठ्यानं दाबला तर न दबणारा जाड थर दिसला पाहिजे. त्याला ईपीएस म्हणतात. धक्का बसला की हा थर स्वतः चिरडतो आणि डोक्याला लागणारा झटका कमी करतो. स्पंज काढल्यावर थेट प्लास्टिकची कवटीच दिसत असेल तर ते खेळणं आहे, मुलाच्या वाढदिवसाला फोटोपुरतं ठीक. काही चांगल्या स्केट हेल्मेटमध्ये ईपीएसऐवजी दाट, परत फुगणारा फोम असतो. तोही चालतो, पण अंगठ्यानं सहज दबणारा स्पंज म्हणजे तो नव्हे.

मग आतला छापील कागद वाचा. ईएन १०७८ हे सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठीचं युरोपीय मानक आहे. एएसटीएम एफ १४९२ हे अमेरिकी मानक खास स्केटबोर्डसाठीचं, आणि त्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा बसणारे धक्के धरलेले आहेत. सीपीएससी लिहिलेलं असेल तर ते सायकल हेल्मेटचं मानक. नुसतं ‘सीई’ (युरोपीय नियम पाळल्याची खूण) छापलेलं असेल आणि मानकाचा क्रमांक, माप, वजन, बनवल्याची तारीख यातलं काहीच नसेल, तर त्या दोन अक्षरांवर जाऊ नका. स्टिकर काय, कोणीही छापतो. आतला थर आणि कागद, दोन्ही जुळले पाहिजेत.

ईपीएसचं हेल्मेट एका मोठ्या धक्क्यापुरतंच असतं. डोकं जोरात आपटलं की बाहेरून चरा दिसो न दिसो, ते बाद. आतला थर चिरडलेला असतो आणि तो परत फुगत नाही. रोज सराव करणारे, ट्रिक शिकताना वरचेवर पडणारे असतील तर त्यांनी एफ १४९२ असलेलंच शोधावं. ट्रिपल एट, एस-वन, टीएसजी, प्रो-टेक या नावांची अशी हेल्मेट परदेशात सर्रास वापरतात. एकाच नावाखाली वेगवेगळी मॉडेलं असतात आणि सगळ्यांना सारखं प्रमाणपत्र नसतं, म्हणून नाव बघून नव्हे, त्या मॉडेलचा कागद बघून घ्या.

घरात गाडीचं हेल्मेट आहेच की, हा प्रश्न हमखास येतो. आयएस ४१५१ या भारतीय मानकाचं दुचाकी हेल्मेट मजबूत असतं यात वाद नाही, पण ते किलोच्या आसपास भरतं. स्केटचं अर्ध्या किलोच्या आतबाहेर. त्या जादा वजनानं मानेवर ताण येतो, कान झाकले जातात, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही आणि एप्रिलच्या उन्हात पंधरा मिनिटांत पोरगं ते काढून बाजूला ठेवतं. क्रिकेटचं हेल्मेट तर मुळीच नको. ते चेंडूसाठी आहे, जमिनीसाठी नाही.

मापाच्या बाबतीत आपल्याकडचा ‘वाढत्या अंगाचं घे’ हा नियम इथे घातक आहे. शाळेचा शर्ट दोन बोटं मोठा चालतो. हेल्मेट मोठं असलं की पडताना ते मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. शिंप्याची टेप भुवयांच्या वर एक बोट आणि कानांच्या वरून फिरवून डोक्याचा घेर घ्या, आणि त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. एम म्हणजे सगळीकडे सारखं नसतं. घातल्यावर पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं यावी, दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात जुळावेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जावीत इतकीच जागा राहावी. आता बक्कल लावून पुढच्या कडेला तळहातानं वर ढकला. हेल्मेट मागे गेलं तर माप चुकलं. मागचं चक्र फिरवून आवळलं तरी मोठं हेल्मेट लहान होत नाही, ते फक्त हलायचं थांबल्यासारखं वाटतं. वेणी किंवा पोनी असेल तर ती मानेजवळ खाली बांधा. डोक्याच्या मधोमध बांधलेल्या पोनीवर हेल्मेट तरंगतं.

हेल्मेट घातलं म्हणजे काही होणार नाही असंही नाही. ब्रिटनची स्केटबोर्डपटू स्काय ब्राउन २०२० साली सराव करताना रॅम्पवरून पडली, तेव्हा तिनं हेल्मेट घातलेलं होतं. तरी कवटीला फ्रॅक्चर झालं, डावं मनगट आणि हातही मोडला. पुढच्या वर्षी तिनं टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं. हेल्मेट नसतं तर ती तिथवर पोचली असती का, शंकाच आहे.

आता मनगट. सेटमधला सगळ्यात कच्चा भाग हाच. चांगल्या गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला वळणदार, उंच उचललेली कडक पट्टी असते. हात टेकला की कातडीआधी ती पट्टी जमिनीला लागते, थोडी घसरते, आणि सगळा जोर एका जागी मनगटावर येत नाही. दुसरी पट्टी मागच्या बाजूला असते, ती मनगट मागे मुडपू देत नाही. स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा एकच सपाट पट्टी असते, तीही पातळ आणि एका कापडी खिशात नुसती सरकवलेली. नखानं ओढली तरी बाहेर येते. पडल्यावर ती आडवी फिरली तर तिचं टोक तळहातात घुसतं.

तपासायला सोपं आहे. गार्ड घालून टेबलावर तळहात टेकवा आणि अंगाचा भार हळूहळू द्या. पट्टी आधी टेकली पाहिजे, तळहाताचा गादीसारखा भाग नंतर. मनगट पूर्ण मागे मुडपत असेल तर ते गार्ड नाही, नुसता हातमोजा आहे. डावा-उजवा बघून घाला. पट्टीचा फुगवटा तळहाताच्या बाजूला येतो. लहान मुलं तो हमखास मागे करून घालतात आणि मग पट्टीचा काहीच उपयोग राहत नाही. अंगठा भोकात घालून आधी मनगटावरचा पट्टा आवळा, मग वरचा. मूठ पूर्ण वळली पाहिजे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा टोकं पांढरी पडत असतील तर पट्टा थोडा सैल करा.

बरेच जुने स्केटर मनगटाचे गार्ड घालत नाहीत, बोर्ड हातानं पकडायला अडचण होते म्हणतात. खरं आहे. पण त्यांना पडायचं कसं ते माहीत असतं: गुडघे वाकवून, हात छातीजवळ घेऊन, खांद्यावरून लोळण. नवख्याचे हात आपोआप पुढे ताठ जातात. म्हणून शिकण्याच्या काळात यात तडजोड नको.

गुडघ्याच्या पॅडची दोन दुखणी आहेत, इलॅस्टिक आणि रिव्हेट (कप पॅडला जोडणारे छोटे खिळे). इलॅस्टिक पातळ असतं आणि त्याचं टोक एकदाच दुमडून एका शिलाईवर सोडलेलं असतं. थोड्याच वापरात ते ढिलं होतं, पॅड फिरून गुडघ्याच्या बाजूला जातो, आणि पडलं की कप, म्हणजे वरची कडक प्लास्टिकची वाटी, रिकामा जमिनीवर घासतो, गुडघा त्याच्या शेजारी. दुकानातच बघा: पॅड घालून फरशीवर दोन्ही गुडघे टेका आणि वीतभर पुढे सरका. कप जागेवर राहिला तर ठीक. मग कप उलटा करून आतून रिव्हेट बघा. चार छोट्या रिव्हेट रेक्झिनमधून आरपार गेलेल्या असतात, आणि पहिली फाट त्यांच्याच भोवती पडते. आतला फोम अंगठ्यानं दाबल्यावर मागचं प्लास्टिक बोटाला लागत असेल तर तो पॅड खरचटण्यापुरता, आपटण्यासाठी नाही.

दुरुस्ती मात्र आपल्या गावात सोपी. चप्पल लाईनला किंवा गल्लीतल्या चांभाराकडे पॅड न्या. मूळ पट्टे कापून दोन इंच रुंदीचं जाड इलॅस्टिक आणि तेवढंच रुंद वेल्क्रो लावायला सांगा, शिलाई चौकोन करून आत फुली मारलेली. एका पॅडला दोन पट्टे, एक गुडघ्याच्या वर, एक खाली. रिव्हेटच्या मागे आतून चामड्याची चकती लावून घेतली तर फाट थांबते. एवढं केलं की हा पॅड सपाट जागेवर शिकण्याइतका भरवशाचा होतो. रॅम्पवर जाणार असाल तर यातलं काही पुरणार नाही. तिथे गुडघ्यांवर घसरत खाली येणं हीच उतरायची पद्धत, आणि त्यासाठी जाड फोमचे, बदलता येणाऱ्या कपचे पॅड लागतात. आणि हे गुडघ्यावर घसरणं डांबरावर करू नये. खडी कप धरून ठेवते आणि माणूस तोंडावर जातो. डांबरावर बोर्ड सुटला की दोन पावलं पळून वेग मोडायचा.

कोपराच्या पॅडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सैल नसेल तर चालतो. सैल असेल तर वरच्यासारखंच इलॅस्टिक बदला. कंबर आणि माकडहाडासाठी सेटमध्ये काहीच नसतं. मागे पडणारे जास्त असतील तर पॅड लावलेली आतली चड्डी वेगळी मिळते, ती घ्यायला लाजू नये.

लाजेचा प्रश्न आहेच. पॅड चढवून बाहेर पडलं की ‘भावा, मॅच कुठं हाय?’ म्हणणारा एक तरी भेटतो. रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत तर हमखास. तसाही तिथे फिरायला आलेल्या माणसांत बोर्ड घालू नये. सकाळी लवकर एखादं रिकामं सिमेंटचं पार्किंग गाठावं.

आपल्या पावसात हे साहित्य पडण्यापेक्षा कुजून जास्त लवकर जातं. जुलैत धुतलेला पॅड दोन दोन दिवस वाळत नाही आणि त्याला असा वास सुटतो की पोरं घालायलाच तयार होत नाहीत. म्हणून आत जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी घाला. घाम तिथेच मुरतो आणि धुवायची फक्त नळी राहते. पॅड धुताना वेल्क्रो बंद करा, नाहीतर ते इलॅस्टिकचे धागे ओढतं. साधी साबण पावडर, थंड पाणी, वाळवणं सावलीत पंख्याखाली. कडक उन्हात इलॅस्टिकचा ताण मरतो. हेल्मेट पेट्रोल, थिनर किंवा स्प्रे पेंटजवळ न्यायचं नाही आणि बंद गाडीत काचेखाली ठेवायचं नाही. आतला थर उष्णतेनं आणि द्रावकानं बिघडतो. डोक्याला तेल लावायची सवय असेल तर आतले स्पंज आठवड्याला काढून धुवा.

तीन हजारांचं बजेट असेल तर निम्मं हेल्मेटला, सात-आठशे दोन पट्ट्यांच्या मनगटाच्या गार्डला, आणि उरलेल्यात हा सहा नगांचा सेट अधिक चांभाराची मजुरी. सेटमधले मनगटाचे गार्ड मग बाजूलाच राहतील. हजारच असतील तर सेट घेऊ नका. तेवढ्यात ईएन १०७८चं साधं हेल्मेट बसत असेल तर तेच घ्या, आणि गुडघे-कोपरांसाठी जाड जीन्स आणि पूर्ण बाहीचा शर्ट घालून गवतावर पडायचा सराव करा. दुकानदाराला माप बदलून देणार का ते बिल करायच्या आधी विचारा. पिशवी फोडली की बहुतेक जण सेट परत घेत नाहीत, म्हणून घालून बघायचं ते काउंटरवरच, पायात रोज वापरायचे सपाट तळाचे बूट घालून.