जपानी हायड्रेटिंग सीरम: ह्यालुरॉनिकवालं घ्यायचं की तांदळाचं?

मावसबहिणीला दिवाळीआधी जपानी पद्धतीचं एखादं सीरम घ्यायचंय आणि ती या दोघांत अडकलीय. मी दोन्ही प्रकार वापरलेत, डोंबिवली ते बीकेसी रोजचा प्रवास आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी ह्यालुरॉनिक, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं ह्यालुरॉनिक ॲसिड असलेलं. जपानमध्ये तोंड धुतलं की लगेच पाण्यासारखं पातळ लोशन हातानेच थापून लावतात, आपण लोशन म्हणतो तसं घट्ट नाही. रोहतो कंपनीच्या हादा लाबो ब्रँडचं गोकुज्युन नावाचं लोशन २००४ साली आलं ते याच प्रकारातलं. लावल्यावर तळहात गालाला जरासा चिकटला पाहिजे, मोचीसारखी (चिकट तांदळाचा जपानी गोड पदार्थ) मऊ लुसलुशीत त्वचा हीच तिकडची आवड. पण ह्यालुरॉनिक पाणी धरून ठेवतं, ते उडू नये म्हणून वरून झाकत नाही, हे नीट लक्षात घ्या. मी सुरुवातीला कोरड्या चेहऱ्यावर लावायचे आणि वर काहीच नाही, मग दिवसभर एसीच्या झोताखाली बसायचं आणि चार वाजेपर्यंत गाल नुसते ओढल्यासारखे व्हायचे. आता ओल्या चेहऱ्यावर तीन-चार थेंब, लगेच हलकं क्रीम, की संध्याकाळपर्यंत बघायला नको.

तांदळाचं सीरम वेगळं. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) जपानी बायका तांदळाचा कोंडा कापडी पिशवीत भरून त्याने चेहरा धुवायच्या, आपल्याकडे आजी तांदळाचं धुवण वापरायची तसंच काहीसं. हल्लीच्या बाटल्यांत बऱ्याचदा आंबवलेल्या तांदळाचा अर्क असतो. माझं पटकन मुरलं, चिकटपणा नाही, जुलैत लोकलच्या गर्दीत घाम आला तरी चेहरा चिपचिपला नाही. मऊपणा मात्र हळूहळू येतो, मला तीन आठवडे लागले. आंबूस वास येतो, आणि कुणाकुणाला आंबवलेलं सोसत नाही, त्यामुळे आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघाच.

आणि हो, कोजी बघून कोजिक ॲसिडचं सीरम उचलू नका!! कोजी म्हणजे साके ही जपानी तांदळाची दारू बनवताना तांदळावर वाढवतात ती बुरशी, कोजिक ॲसिड त्याच बुरशीतून १९०७ साली सापडलं, पण ते डाग फिके करायला, ओलाव्यासाठी नाही. बाटली उलटी करून यादी वाचा, जास्त प्रमाणात असलेलं आधी लिहितात. बाटलीच्या पुढच्या बाजूला तांदूळ-तांदूळ लिहिलंय आणि यादीत तो सुगंधाच्याही खाली असेल तर त्या नावाचे पैसे देऊ नका. अल्कोहोल यादीत वर दिसलं तर कोरड्या त्वचेला नकोच.

त्सुबाकी म्हणजे कॅमेलियाचं तेलही लोक सुचवतात, छान असतं, पण मुंबईत मला जानेवारीतले थोडे दिवस सोडले तर जडच वाटलं.

बहीण लोअर परळला नऊ तास एसीत बसते, तिला मी ह्यालुरॉनिकच सांगितलंय, वर क्रीम लावायच्या अटीवर. तिची जाऊ शाळेत शिकवते, वर्गात नुसता पंखा, तिच्यासाठी तांदळाचं, आणि दोघींनाही छोटीच बाटली घ्या म्हटलंय.