अटलांटा आणि बर्मिंगहॅम : बरोबरीतून दुराव्याकडे

अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा (जॉर्जिया) आणि बर्मिंगहॅम (अलाबामा) ही सुमारे २४० किलोमीटर अंतरावरची शहरे १९५० च्या जनगणनेत जवळजवळ तुल्यबळ होती : अटलांटाची लोकसंख्या ३,३१,३१४, तर बर्मिंगहॅमची ३,२६,०३७. २०२० मध्ये मात्र अटलांटा पाच लाखांच्या उंबरठ्यावर पोहोचले आणि बर्मिंगहॅम दोन लाखांवर उतरले. या आकड्यांत हद्दवाढीचाही वाटा आहे, कारण १९५२ मध्ये अटलांटाने उपनगरे सामावून सुमारे एक लाख रहिवासी मिळवले; तरीही खरे कारण मला अधिक खोल वाटते.

१८७१ मध्ये वसलेले बर्मिंगहॅम लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी यांच्या सान्निध्यामुळे पोलादावर उभे राहिले व त्या उद्योगाबरोबरच खचले. अटलांटाने वाहतुकीवर भर दिला. डेल्टा विमान कंपनीचे मुख्यालय १९४१ मध्येच तेथे आले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर वंशभेदाविरुद्धच्या शाळकरी आंदोलकांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले गेले, आणि त्या छायाचित्रांनी शहराची प्रतिष्ठा दीर्घकाळ काळवंडली. वंशभेद अटलांटातही होता, परंतु तेथील महापौर हार्ट्सफील्ड यांनी तडजोडीतच शहराचे हित पाहिले. अटलांटाला १९९६ चे ऑलिंपिक मिळाले. बर्मिंगहॅमला आज विद्यापीठाच्या रुग्णालयाचा मोठा आधार आहे.