तीन रांगांची एसयूव्ही: आठ महिने भरून चालवल्यावर

तिसरी रांग तपासताना बहुतेक जण मधली सीट पुढे ढकलतात, मागे जाऊन बसतात आणि 'जागा आहे की' म्हणून बाहेर येतात. गाडी घरी आल्यावर मधल्या रांगेत माणसं बसतात, ती सीट मागे घेतात, आणि मघाची जागा नाहीशी होते. तपासणी पुढून मागे करायची. घरातला सगळ्यात उंच चालवणारा आधी आपली सीट लावून घेईल. त्याच्यामागे बसणारा गुडघ्यापुढे चार बोटं अंतर ठेवून मधली सीट लावेल. त्यानंतर उरेल ती तिसऱ्या रांगेची खरी जागा. मधली सीट सरकणारी असेल तर तिचा साधारण १५ सेंमीचा प्रवास दोन रांगांनी वाटून घ्यायचा असतो, एवढं लक्षात ठेवलं की जाहिरातीतले फोटो फसवत नाहीत.

गुडघ्यांपेक्षा मांड्यांकडे जास्त लक्ष द्या. घरातली जेवणाची खुर्ची जमिनीपासून ४५ सेंमीच्या आसपास उंच असते. तिसऱ्या रांगेत फरशीपासून गादीपर्यंतची उंची ३० सेंमीच्या खाली गेली, तर मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात, मांडी गादीवरून उचलली जाते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. अर्धा तास चालतं, दोन तासांनी पाठ बोलायला लागते. याचं कारण गाडीच्या खाली आहे. शिडीच्या चौकटीवर बांधलेल्या गाडीत चौकट, अखंड मागचा आक्सल आणि त्याच्या वर-खाली हलण्याची जागा असं सगळं तिसऱ्या रांगेखाली येतं, म्हणून फरशी उंच होते आणि छत तेवढंच राहतं. मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चौकट नसून सांगाडाच सगळा भार पेलतो अशा गाडीत, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल, तर फरशी खाली नेता येते. तेव्हा मापाची पट्टी सोबत न्या. पॅनोरमिक सनरूफ असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारांत बसून पाहा. काचेची यंत्रणा छतात दोन-चार सेंमी खाते आणि त्याचा फटका मागच्या उंच माणसाच्या डोक्याला बसतो.

आता वजनाचं. सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच, आणि आठ महिन्यांत गाडीच्या वागण्यात सर्वांत मोठा फरक पाडला तोही यानेच. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यात एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. उदाहरणादाखल, कमाल २,४५० किलो आणि रिकामी १,८८० किलो असेल, तर हातात ५७० किलो राहतात. सरासरी ७० किलोची सात माणसं म्हणजे ४९० किलो. सामानाला उरले ८० किलो, म्हणजे माणशी साडेअकरा. त्यात टपावरचा बंद पेटारा स्वतःच २० किलोच्या घरात असतो. लोखंडी पायऱ्या, इंजिनाखालचं जाड पत्र्याचं कवच, डिकीतला जास्तीचा स्पीकर, हे सगळं याच ८० मधून जातं. कंपनीने रिकाम्या वजनात चालक धरला आहे का, हेही पाहून घ्या. युरोपीय पद्धतीत ७५ किलो चालकासाठी धरलेले असतात, इतरत्र धरतीलच असं नाही. दोन गाड्यांची तुलना करताना इथे हमखास गल्लत होते.

टपाची मर्यादा वेगळी असते, बहुधा ७५ ते १०० किलो, आणि तिच्यात कॅरिअरचं वजनही मोजायचं. जड बॅगा खाली, हलक्या वर. उलटं केलं की वळणावर गाडी झुकलेली पाठीला जाणवते.

भार बदलला की टायरची हवाही बदलायला हवी. दाराजवळच्या स्टिकरवर दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. मागच्या टायरचा फरक चार-पाच पीएसआयचाही असू शकतो. सात माणसं घेऊन कमी हवेवर वेगात गेलं की टायरच्या बाजूच्या भिंती सतत दबून-सुटून तापतात, आणि टायर फुटण्याचं एक मोठं कारण हेच आहे. हवा थंड टायरमध्ये मोजायची. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की आकडा साधारण दीड पीएसआयने हलतो, म्हणून गरम टायरमधली 'जास्तीची' हवा काढून टाकू नका.

टायर बदलायची वेळ आली की बाजूच्या भिंतीवरचा भार-निर्देशांक वाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. त्याच मापाचा पण कमी निर्देशांकाचा टायर स्वस्त पडतो आणि दुकानात सहज बसवूनही देतात. रिकाम्या गाडीत काही कळत नाही, पण अशा गाडीवर तो बसवू नये. दर १०,००० किमीला टायर पुढे-मागे फिरवले तर झीज सारखी राहते. जड गाडीत पुढच्या टायरची बाहेरची कड आधी जाते, म्हणून बोट कडेवरून फिरवून पाहायची सवय चांगली.

मागे भार आला की नाक वर उठतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी झोत खाली करायची ० ते ३ आकड्यांची चकती असते. सात माणसं आणि सामान असेल तेव्हा ती पुस्तिकेप्रमाणे फिरवा आणि गाडी रिकामी झाली की परत ० वर आणा. काही गाड्यांत हे आपोआप होतं, तिथे चकती नसते.

चढाची गोष्ट निराळी. फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पूर्ण भार मागे बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. ओल्या किंवा खडीच्या चढावर थांबून परत निघताना ती जागीच फिरतात. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीला तोच भार मदत करतो. नेहमी डोंगराळ रस्ते असतील तर हा फरक घोड्यांच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचवर चालणारी ऑटोमॅटिक), त्यातही कोरड्या क्लचचा असेल, तर चढावरच्या रांगेत अॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी धरून ठेवू नका. क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, थरथर सुरू होते आणि पडद्यावर इशारा येतो. ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मग हला. भरल्या गाडीने वरचेवर चढ चढणाऱ्यांसाठी टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) साधी ऑटोमॅटिक जास्त सोशिक आहे, हे माझं ठाम मत.

उतारावर गिअर हाताने खाली घ्या. अडीच टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की पॅड तापतात आणि पकड कमी होते. पॅडची जाडी ३ मिमीवर आली की बदलायचेच, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं.

एसीच्या बाबतीत 'तिसऱ्या रांगेला व्हेंट आहेत' एवढ्यावर समाधान मानू नका. तीन प्रकार असतात. पहिल्यात पुढचीच थंड हवा नळीने मागे येते. दुसऱ्यात मागे एक पंखा असतो, पण तो केबिनमधलीच हवा खेचून फेकतो. तिसऱ्यात मागे स्वतंत्र इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारा भाग, असतो. उन्हात तापलेली गाडी गार करायला खरा उपयोग तिसऱ्याचा. ओळखायचं कसं? गाडी चालू करून पाच मिनिटांनी मागच्या व्हेंटवर हात धरा. वारा जोरात पण कोमट असेल तर तो नुसता पंखा आहे. पुढे केबिन फिल्टर धुळीने भरला की त्रास आधी मागच्यांना होतो, कारण नळी लांब असते. दर १५,००० किमीला तो काढून पाहा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांचं काम. सात माणसं असताना आतलीच हवा फिरवण्याचं बटण तासन्‌तास चालू ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला जडपणा आणि झापड येते. अर्ध्या तासाने काही मिनिटं बाहेरची हवा आत घ्या.

मागे मळमळण्याचा संबंध एसीपेक्षा जागेशी आहे. तिसरी रांग मागच्या आक्सलवर किंवा त्याच्याही मागे असते, त्यामुळे प्रत्येक उसळी तिथे मोठी होऊन पोचते, आणि खिडकी लहान असल्याने दूरची क्षितिजरेषा दिसत नाही. गाडी लागणाऱ्याला मधल्या रांगेत बसवा. शिडीच्या चौकटीची गाडी दोघांत उडते आणि सातांत छान बसते. मोनोकॉक गाडीचं बरेचदा याच्या उलट होतं: भरल्यावर मागचं सस्पेन्शन मोठ्या खड्ड्यात तळ गाठतं. चाचणी एकट्याने घेऊ नका, घरची सगळी माणसं घेऊन जा. विक्रेता कुरकुरला तरी हरकत नाही.

लहान मुलं असतील तर निवड मधल्या रांगेवर ठरते. चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या बहुधा मधल्या रांगेच्या दोन बाजूंनाच असतात. तिथे चाइल्ड सीट बसवली की ती बाजू दुमडत नाही, म्हणजे तिसऱ्या रांगेचं एक दार बंद. दोन चाइल्ड सीट लावल्या की दोन्ही बंद, आणि मागच्यांनी डिकीतून चढायचं. अशा घरांसाठी मध्ये वाट असलेल्या कॅप्टन सीट बाकापेक्षा बऱ्या, एक जागा कमी झाली तरी. काही गाड्यांत चाइल्ड सीट न काढता मधली सीट पुढे कलते. ही सोय असेल तर आपली सीट नेऊन लावून पाहा, सगळ्या मापांना ती जमत नाही. आयसोफिक्सच्या कड्यांवर मूल आणि सीट मिळून ३३ किलोची मर्यादा धरतात. त्यापुढे मुलाला गाडीच्या पट्ट्यानेच बांधायचं. चाइल्ड सीट पुढे कलू नये म्हणून असलेला वरचा टेदर पट्टा अडकवायचा हूक पाठीच्या मागे असतो. सामान बांधायच्या कडीला तो अडकवण्याची चूक सर्रास होते. पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या खिडकीपर्यंत पोचतात का, ते पुस्तिकेत पाहा. मागच्यांनी डोक्याचा आधार वर ओढल्याशिवाय गाडी हलवू नये, कारण त्यांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर काच आहे.

दुमडणाऱ्या सीटच्या कड्यांमुळे सगळ्यात जास्त त्रास होतो. पाण्याची बाटली, खेळणं, बिस्किटाचे तुकडे असं काही रुळात किंवा खाचेत अडकलं की सीट बसल्यासारखी दिसते पण कडी लागलेली नसते. बऱ्याच गाड्यांत कडी उघडी असेल तर लाल खूण दिसते. ती नसेल तर पाठ दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहायची, प्रत्येक वेळी. महिन्यातून एकदा रुळांवर व्हॅक्यूम फिरवा. ग्रीस मात्र ओतू नका, त्यावर धूळ बसून रूळ आणखी जड होतो. 'मागून सतत टकटक येते' या तक्रारीचं मूळही बहुतेक वेळा इथेच सापडतं: रिकाम्या तिसऱ्या रांगेच्या पट्ट्यांची बकलं प्लास्टिकवर आपटतात. ती खाचेत अडकवली आणि कडीच्या दांड्याला कापडी टेपचा एक वेढा दिला की आवाज जातो. सस्पेन्शन उघडायला देण्यापूर्वी हे करून बघावं.

डिझेल घेणार असाल तर रोजचा प्रवास किती लांब, हे आधी बघा. धूर गाळणारा डीपीएफ काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी १५-२० मिनिटं सलग, न थांबता चालणं लागतं. शाळा-बाजार अशा तीन-चार किमीच्या फेऱ्यांत हे चक्र अर्धवट तुटतं, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, ते पातळ झालेलं असतं. अॅडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागणाऱ्या गाडीत त्याची टाकी रिकामी होऊ देऊ नका. बंद केलेली गाडी मग सुरूच होत नाही. आणि ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवू नका, टाकी आधी रिकामी करून घ्या. हायब्रीडमध्ये बॅटरी थंड करणारी जाळी बरेचदा मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, शाली टाकल्या की बॅटरी तापते.

तीन रांगा उभ्या असताना डिकी १५० ते २५० लिटरची उरते. विमानात नेतो त्या मापाची छोटी बॅग ४४ लिटरची, तर अशा तीन-चार उभ्या राहतात. सातही जण मोठे आणि प्रत्येकाची बॅग मोठी, असं वरचेवर होणार असेल तर एसयूव्ही सोडून सरकत्या दारांची मोठी एमपीव्ही घ्यावी. तिथे फरशी सपाट आणि खाली, दार रुंद, वयस्कांना चढणं सोपं. महिन्यातून दोन-तीनदा मुलांना मागे बसवून जाणाऱ्यांना मात्र एसयूव्ही पुरते.

शेवटी स्टेपनी. तिसऱ्या रांगेमुळे ती बहुतेक वेळा गाडीच्या पोटाखाली साखळीने टांगलेली असते आणि डिकीतल्या छोट्या भोकातून दांडा फिरवून खाली सोडावी लागते. चिखल-पाण्याने ती यंत्रणा गंजते. गाडी ताब्यात घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात एकदा खाली घेऊन परत वर चढवून पाहा, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा, आणि तेव्हाच तिची हवाही भरा. भोक डिकीच्या फरशीखाली असेल तर पूर्ण भरलेलं सामान रस्त्याच्या कडेला उतरवूनच तिथे हात पोचतो, म्हणून दांडा, जॅक आणि टॉर्च सगळ्यात वर ठेवा. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० किमीचा ताशी वेग लिहिलेला असतो. सात माणसांनी भरलेल्या गाडीत त्याच्याही खालीच राहा.